उथळ कोपरा

१

ऑगस्ट लागला की आर्कन्साच्या त्या सपाट मुलखातली माणसं आभाळाकडे बघायचं सोडून देत, आणि युला स्ट्राउड पाण्याकडे बघायला लागे.

घरामागे तिचं तळं होतं. नवऱ्याची, हर्शेलची, भाताची खाचरं होती, ट्रॅक्टर होता, बैठकीतली आरामखुर्ची होती. तळं मात्र युलाचं. त्यात शायनर वाढायचे. बोटभर लांबीची, पाठीवर सोनेरी झाक असलेली ही मासळी माणसं खात नाहीत. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या वरच्या क्लबच्या मोठ्या तलावात बास नावाचे दांडगे मासे होते, त्यांच्या पोटात जाण्यासाठी ती जन्माला यायची. गावातल्या बायका म्हणत, "युला, तू दुसऱ्यांच्या ताटातलं वाढवतेस." युला हसत नसे. ज्याला कुणी नावसुद्धा देत नाही त्याच्यावर जीव लावायची तिला सवय होती.

उन्हाळ्यात तळं तापात पडलेल्या पोरासारखं जपावं लागतं. पहाटे उठून आधी बघायचं, मासे वर तोंड काढून हवा ओढताहेत का. मग पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. ती फार लवकर दिसेनाशी झाली तर पाण्यात शेवाळ माजलंय असं समजायचं. खाद्य टाकायचं ते सकाळीच, तेही डोळ्यांदेखत संपेल इतकंच. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातली हवा पिऊन टाकतं. ऊन अगदीच चढलं तर उपास घडवायचा. उपाशी मासा जगतो, गुदमरलेला जगत नाही.

आणि सगळ्यात आधी बादली वाजवायची. युला पालथ्या बादलीवर तळव्यानं थाप द्यायची: दोन जवळजवळ, एक लांब. की समोरचं पाणी उकळी फुटल्यासारखं व्हायचं. हर्शेलनं किती वेळा वाजवून पाहिली, एक शेपूट हललं नाही. "माझ्या थापेला ही मासळी दाद देत नाही," तो म्हणायचा, "अगदी माझ्या सासूबाईंसारखी."

त्या सकाळी युलानं बादली वाजवली आणि पाणी हललं नाही.

तिनं परत वाजवली. मूठभर खाद्य टाकलं. ते पाण्यावर पसरलं आणि तसंच तरंगत राहिलं. मग तिला पलीकडे, विलोच्या झाडाखालच्या कोपऱ्यात, पाणी चमकताना दिसलं.

ती बांधावरून चालत गेली. सगळी मासळी तिथे गोळा झाली होती. इतकी दाट, की पाण्यापेक्षा मासेच जास्त. पण खायला येणारा मासा तोंड वर करतो. यांची शेपटं वर होती. हजारो शेपटं पाण्याच्या वर थरथरत होती आणि तोंडं खाली, चिखलाकडे. जणू त्यांना कुणीतरी खालून भरवत होतं.

काठावर कुणी नव्हतं. गवत सरळ उभं होतं. युला परत आली, जाळीनं आपलं खाद्य पाण्यावरून गोळा केलं आणि बादलीत भरलं. तिला भीती वाटली नाही. तिला आला तो राग, आणि त्या रागाला एक चेहरा होता.

२

तो चेहरा त्या वेळी स्वयंपाकघरात टोमॅटो चिरत होता.

मोझेल, युलाची धाकटी बहीण. मेम्फिसमधला नवरा सोडून जुलैत आली होती ती एक पेटी, एक टोपी आणि घसा बसलेलं हसू घेऊन. लहानपणापासून तिचं असंच. रस्त्यातली मांजरं तिच्या पायात यायची. रडणारी पोरं तिच्याकडे गेली की गप्प व्हायची. हर्शेलसुद्धा पहिल्यांदा त्यांच्या अंगणात आला होता तो मोझेलला नाचाला विचारायला. ती घरी नव्हती. युला होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण युला ही गोष्ट विसरली नव्हती. हर्शेल कधीच विसरून गेला होता, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं.

"तळ्यावर गेली होतीस?" युलानं विचारलं.

"मी? त्या वासानं मला मळमळतं, तुला ठाऊक आहे."

"कोपऱ्यात कुणीतरी खाद्य टाकतंय."

हर्शेल कॉर्नब्रेडला लोणी लावता लावता म्हणाला, "अगं, ऊन आहे. मासे सावलीला गेले असतील. मी मासा असतो तर मीही विलोखाली बसलो असतो, गार चहा घेऊन."

मोझेल मनापासून हसली. हर्शेलला आपला विनोद आणखी आवडला. युलानं दोघांच्या ताटात टोमॅटो वाढले आणि स्वतःच्या ताटात वाढायला विसरली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सावली. तिनं स्वतःला तेच समजावून पाहिलं. मग पाण्याची खोली. मग वाटलं तळाशी झरा फुटला असेल, गार पाणी येत असेल. दुपारी ती थर्मामीटर घेऊन गेली. कोपऱ्यातलं पाणी बाकीच्या तळ्याइतकंच कोमट होतं. आणि खोलीचं म्हणाल तर तळ्यातला सगळ्यात उथळ भाग तोच. तिथे माणसाचे गुडघेही जेमतेम बुडत. पण आता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बाकीच्या काठांवर नेहमीसारखे बगळे उभे होते. त्या कोपऱ्यात, जिथे मासे नुसती चोच घातली तरी मिळाले असते, तिथे एकही नव्हता.

३

त्यानंतर ऊन असं पेटलं की युलानं खाद्य पूर्ण बंद केलं. बांधावरचं गवत कागदासारखं वाजायला लागलं. रोज सकाळी ती नुसतीच जायची, आणि रोज मासळी कोपऱ्यात, डोकी खाली घालून.

एका दुपारी तिघं जेवायला बसली होती. खिडकीतला पंखा गरम हवाच आत ढकलत होता. आणि त्या घरघरीच्या मागून युलाला ऐकू आलं: थाप. दोन जवळजवळ, एक लांब.

तिनं घास हातातच धरला. हर्शेल समोर होता. मोझेल शेजारी होती, तिचे दोन्ही हात टेबलावर होते. युलानं ते हात नीट पाहून घेतले.

"ऐकलंत?"

"काय?" हर्शेलनं विचारलं.

थाप पुन्हा आली, पण बादलीचा तो पोकळ पत्र्याचा आवाज नव्हता. ओल्या मातीवर तळवा मारावा तसा जड, बुळबुळीत. मात्र थाप तिचीच होती. लांब थापेआधी अर्धा श्वास थांबायची तिची लकब, तीही होती.

"पाइप धडधडत असेल," हर्शेल म्हणाला.

मोझेलनं मान खाली घालून चवळीचा एक एक दाणा काट्यानं टोचायला सुरुवात केली. ते पाहून युलाला खात्री पटली. हिला माहीत आहे. हिनंच कुणाला तरी शिकवलंय.

शुक्रवारी क्लबचा टॉलिव्हर मासळी बघायला आला. बुटका, घामाघूम, सदा गवताची काडी चघळणारा माणूस. त्यानं कोपऱ्यात छोटं जाळं टाकलं आणि ते वर काढताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.

"मिस युला, अहो, हे काय!" तो म्हणाला. "सगळीकडे मासे उन्हानं वाळलेत, आणि तुमचे बघा. लोण्यात लोळवल्यासारखे! काय घालता काय यांना?"

"नेहमीचंच," युला म्हणाली. खोटं बोलताना तिला गोड वाटलं.

टॉलिव्हरनं एक मासा अंगठ्याच्या नखानं पोटाशी फाडला. पोट तुडुंब भरलं होतं. आतलं राखाडी, मऊ, मळलेल्या कणकेसारखं होतं, आणि त्याला कसलाच वास नव्हता. माशाचासुद्धा नाही. टॉलिव्हरनं अंगठा विजारीला पुसला, पुन्हा पुसला. तोंडातली काडी थुंकली. पुढच्या आठवड्यात गाडी आणतो म्हणाला, आणि दिलेला गार चहा न पिताच निघून गेला.

४

युलानं उपास मोडला, आणि तिला पुरतं ठाऊक होतं ती काय करतेय ते. भर उन्हात खाद्य टाकणं म्हणजे तळ्याच्या घशात कापूस कोंबणं. तरी ती टाकत राहिली. सकाळी टाकलं, संध्याकाळी टाकलं. अंड्याचा बलक कालवून टाकलं. बादली वाजवून वाजवून तळवा लाल झाला. मासळी वळली नाही. खाद्य फुगायचं, तळाशी बसायचं. पाणी वाटाण्याच्या सुपासारखं दाट झालं. बशी पाण्यात टेकते न टेकते तोच नाहीशी व्हायला लागली.

"पुरे कर युला," मोझेल म्हणाली. दोघी मागच्या ओसरीवर जांभळ्या शेंगांची चवळी सोलत होत्या. "तूच सांगायचीस ना, उन्हात टाकायचं नाही म्हणून?"

युलाच्या मनात साठलेलं सगळं त्या एका वाक्यावर बाहेर आलं. "तू मला शिकवू नकोस! घरात आलीस, टेबलाशी बसलीस, माझा नवरा तुझ्या तोंडाकडे बघून हसतो. मी काही बोलले? एक तळं होतं माझं. एक! तेवढंही तुला बघवलं नाही?"

"अगं, मी काय केलंय?"

"जिथे जातेस तिथलं सगळं तुझ्याकडे धावत येतं. तुला हाकसुद्धा मारावी लागत नाही. मी मात्र घसा कोरडा करायचा."

मोझेलची बोटं शेंगांनी जांभळी झाली होती. ती बोटांकडेच बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी तिथे गेले होते. एकदाच. आले त्याच आठवड्यात, पाय गार करायला."

"बघ! मग?"

"दिसलं काहीच नाही. पण तिथे उभं राहिलं ना, की वाटतं..." तिला शब्द सापडेना. "आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटतं. फार फार हवे. मेम्फिसमध्ये कुणालाही नव्हते, इथेही तुला नाही, पण त्याला हवे. मी पळत घरी आले, युला. मला घाम फुटला होता. तू जाऊ नको तिकडे."

चवळीचं टोपलं युलाच्या मांडीवरून घसरलं. बहिणीला कशाची एवढी भीती वाटली, हे तिनं विचारायला हवं होतं. तिच्या मनात आलं ते दुसरंच. ती तर रोज जात होती. रोज तासन् तास तिथे उभी राहत होती. तिला कधी काही वाटलं नव्हतं.

ती तशीच उठून गेली. दुपारची वेळ, सावली पायाखाली गोळा झालेली. बूट काढून ती कोपऱ्यात पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत कोमट पाणी, मऊ चिखल. मासळी तिच्या पायांना वळसा घालून पुढे गेली, खांबाला घालावा तसा. ती वाट बघत राहिली. टोळ किरकिरत होते. मानेवर ऊन बसलं होतं. समोर पाण्याखाली, हाताच्या अंतरावर, काहीतरी होतं एवढं तिला नक्की कळलं, कारण शेपटं तिथेच वर्तुळ धरून होती. त्या वर्तुळाला तिच्याशी देणंघेणं नव्हतं.

"मीही आहे," युला पुटपुटली.

काही झालं नाही. घरी येताना तिचे डोळे भरून आले, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

५

दोन-चार दिवसांत वारा पडला. आभाळ राखाडी झालं, पण पाऊस नाही. नुसतं झाकण ठेवल्यासारखं. सकाळी युला बांधावर आली तेव्हा हिरवं पाणी तपकिरी झालं होतं. एका रात्रीत सगळं शेवाळ मेलं होतं. तळंभर मासे वर आले होते, तोंडं उघडी, आणि त्यांच्या हवा ओढण्याचा बारीक चुटचुट आवाज सगळीकडून येत होता.

"हर्शेल!"

तो अनवाणीच धावला. विहिरीचा पंप सुरू केला, ट्रॅक्टर मागे घेऊन वल्ह्यांचं चाक पाण्यात सोडलं. पाणी घुसळायला लागलं, फेस उडाला. तरी तळ्याच्या मधोमध पांढरी पोटं उलटायला लागली. कोपऱ्यात मात्र एकही पोट उलटलं नव्हतं. जिवंत मासळी तिकडे पळत होती, एकमेकांवर चढत होती.

"पाइप तिकडे न्या कुणीतरी!" हर्शेल ट्रॅक्टरवरून ओरडला. "कोपऱ्यात! तेवढे तरी वाचतील!"

युला दुसऱ्या टोकाला चिखलात रुतली होती. पाइप उचलला मोझेलनं. ती बांधाच्या कडेला क्षणभर थांबली, युलाकडे बघितलं. तुझे मासे आहेत म्हणून जाते, असं काहीसं त्या बघण्यात होतं. मग ती पाण्यात उतरली.

घोटे. गुडघे. इथवर ठीक होतं. मग कंबर.

युला चिखलातून पाय उपसत थबकली. तिथे कंबरेएवढं पाणी नव्हतं. तिथे कधीच नव्हतं.

मोझेलच्या हातून पाइप सुटला. ती ओरडली नाही. तिचा चेहरा युलाला बाजूनं दिसत होता, आणि त्यावर लाज वाटावी इतकं सुख होतं. लहान मूल कुणाचं तरी बोट धरून जत्रेत निघावं तशी ती पुढे झुकून चालली होती. पाणी छातीशी आलं. गळ्याशी आलं.

युला धावली. बांधावरून, मग सरळ कोपऱ्यात उडी टाकून. तिच्या गुडघ्यांना तळाचा चिखल लागला. पाणी तिच्या मांडीपर्यंतही नव्हतं. आणि हातभर पुढे तिची बहीण हनुवटीपर्यंत बुडालेली. तिनं मोझेलचे केस धरले, बगलेत हात घातला, ओढलं. मोझेल हलेना. मग मासळी एकदम फाकली आणि तपकिरी पाण्यातून युलाला मोझेलचा उजवा हात दिसला. त्याच्या बोटांत बोटं गुंतली होती. राखाडी बोटं, माणसाच्या बोटांहून लांब. ती खेचत नव्हती, आवळत नव्हती. नुसती धरून होती. आवडत्या माणसाचा हात धरावा तशी.

"सोड तिला!" युला ओरडली. आणि मग, हर्शेलला ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू गेलं नाही आणि मोझेलला कधी आठवलं नाही असं, ती खालच्या आवाजात म्हणाली, "तिला नको. मला घे."

तिनं आपला हात पाण्यात घातला, तळवा उघडा धरून.

राखाडी बोटं थांबली. एक एक करून मोझेलच्या बोटांतून मोकळी झाली, आणि युलाच्या तळव्यावर आली. सावकाश फिरली. तळवा चाचपला, उलटा करून पाहिला, बोटांच्या पेरांवरून गेली. दुकानात कापडाचा पोत बघावा तशी. युलानं श्वास रोखला. तिला वाटलं, आता.

मग त्या बोटांनी तिचं मनगट धरलं आणि अगदी हळुवार, सभ्यपणे, तिचा हात पाण्याच्या वर आणून ठेवला.

६

"खड्डा असणार," हर्शेल म्हणाला. मोझेलला त्यानं ओसरीवर चादरीत गुंडाळून बसवलं होतं. "चिखलाचा खड्डा. दुसरं कुणी जायच्या आत बुजवतो."

दुपारी तो लांब काठी घेऊन गेला. युला बांधावर उभी राहून बघत होती. त्यानं सगळा कोपरा काठीनं टोचून काढला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाणी कुठेही त्याच्या गुडघ्याच्या वर गेलं नाही. त्यानं बाहेर येऊन काठी गवतात टाकून दिली. त्यानं त्या दिवसानंतर कोपऱ्याचा विषय काढला नाही, आणि तळ्यावर एकटा गेला नाही.

वाचली ती मासळी टॉलिव्हरनं नेली. पुढच्या वर्षी तळं सुकवून तिथे भात लावायचं हर्शेलनं ठरवलं. युला हो म्हणाली.

मोझेल त्याच आठवड्यात मेम्फिसला परत निघाली. युलानंच तिला बसच्या थांब्यावर सोडलं. ट्रकच्या खिडक्या उघड्या होत्या, वारा तव्यावरून आल्यासारखा येत होता. दोघींचे कपडे, केस, सीट, सगळं कोरडं ठणठणीत. मोझेलचा उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेला, ओला. बोटांच्या टोकांवर थेंब जमायचा, झग्यावर पडायचा, पुन्हा जमायचा. चार दिवस तो वाळला नव्हता. मोझेल तो पुसत नव्हती. डाव्या हातानं अधूनमधून झाकून घेत होती, आणि तिच्या ओठांवर ते बाजूनं पाहिलेलं सुख अजून होतं.

"तू माझा जीव वाचवलास," ती म्हणाली. "मी हे विसरणार नाही."

"हं," युला म्हणाली. तिची नजर रस्त्यावर कमी आणि त्या मांडीवर जास्त होती.

"मेम्फिसचं घर नदीकाठी आहे," मोझेल थोड्या वेळानं म्हणाली. कुणी विचारलेलं नसताना.

युलानं तेव्हा तिला थांबवायला हवं होतं. गाडी वळवायला हवी होती, तिला नदीपासून लांब, कुठेतरी कोरड्या जागी न्यायला हवं होतं. हे तिला त्या क्षणीही समजत होतं. ती गाडी चालवत राहिली.

बस आली. मोझेलनं निरोपाला हात पुढे केला, तोच. युलानं तो दोन्ही हातांत धरला आणि घट्ट दाबला. ड्रायव्हरनं भोंगा दिला. ती दाबत राहिली. मोझेल कण्हली, "युला, दुखतंय गं." पुन्हा भोंगा वाजला, तेव्हा तिनं सोडला.

बस धुळीत दिसेनाशी झाल्यावर युलानं आपले तळवे उघडून पाहिले. उन्हात धरले, उलटसुलट करून पाहिले, मग गालाला लावून पाहिले.

दोन्ही कोरडे होते.